गारठा परवडला, ओल नको

मढे घाटात माझा कॅमेरा बुडाला, तेव्हा तो धबधब्याच्या आसपासही नव्हता. जुलैचा पाऊस होता. वेल्ह्याहून केळदकडे जाताना पुढच्या गाडीचा लाल दिवासुद्धा धुक्यात विरघळत होता. कॅमेरा मी टॉवेलात गुंडाळून सॅकच्या अगदी तळाशी ठेवला आणि सॅकला वरून रेनकव्हर चढवलं. एवढा बंदोबस्त केल्यावर निर्धास्त होऊन दिवसभर चिंब भिजले. फोटो एकही काढला नाही, कारण कॅमेरा भिजला असता ना!

संध्याकाळी सॅक उघडली तेव्हा उलगडा झाला. पाठीवरून ओघळणारं पाणी सॅक आणि पाठ यांच्या मधल्या फटीतून खाली झिरपत होतं आणि रेनकव्हरच्या तळाला साचत होतं. त्या कव्हरात जायला वाट होती, यायला नव्हती. टॉवेलाने आपलं काम चोख केलं आणि होतं नव्हतं तेवढं पाणी पिऊन घेतलं. चार तास माझा कॅमेरा त्या पिशवीभर डबक्यात बसून होता.

बुधवार पेठेतल्या एका जुन्या वाड्यात कॅमेरे दुरुस्त करणारे काका आहेत. त्यांनी तळाचं झाकण उघडलं, हिरवट झालेली पट्टी भिंगातून पाहिली आणि म्हणाले, "पावसात भिजला असता तर कदाचित वाचला असता. तुम्ही तो भिजत घातलात."

मटकी भिजत घालावी तसा. घरी हे सांगायची सोय नव्हती.

पुढच्या फेब्रुवारीत स्पितीला जायचं ठरलं होतं. शाळेतल्या आम्ही चौघी, पन्नाशीला टेकलेल्या. तिथल्या काझ्यात त्या दिवसांत रात्री पारा शून्याखाली वीस अंशांपर्यंतही जातो. म्हणजे नवा कॅमेरा घ्यायचा तो थंडी सोसणारा, धक्के खाणारा, डोंगरात वापरता येईल असा हवा. दुकानात गेले. तिथल्या मुलाने काउंटरवर एक लहानसा कॅमेरा ठेवला आणि आकडे घडाघडा म्हटले. ऑलिम्पसचा टफ टीजी-६: पाण्याखाली १५ मीटर, २.१ मीटरवरून पडला तरी चालतो, १०० किलो वजन पेलतो, उणे १० अंशांपर्यंत काम करतो. मग त्याने एक मोठा, भिंगं बदलता येणारा कॅमेरा काढला आणि "हा वेदर सील्ड आहे मॅडम" एवढंच म्हणाला. किती मीटर, किती अंश, काही नाही.

इथे जरा थांबायला हवं, कारण लोक इथेच फसतात. फोनच्या किंवा कॅमेऱ्याच्या खोक्यावर आयपी ६७ असं लिहिलेलं असतं, त्यात पहिला आकडा धुळीचा आणि दुसरा पाण्याचा. सात म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. ही चाचणी ठरलेली आहे, तिचं आंतरराष्ट्रीय मानक आहे. 'वेदर सील्ड' या शब्दाला असलं काही नाही. सांध्यांना रबराच्या पट्ट्या लावल्या आहेत, एवढाच त्याचा अर्थ. ओएम-१ सारखे थोडेच मोठे कॅमेरे आयपी ५३ असा आकडा छातीठोकपणे सांगतात. त्यातही कॅमेरा सील्ड आणि भिंग साधं असेल तर सगळंच मुसळ केरात, कारण पाणी भिंगाच्या गळ्यातून आत जातं. आणि वॉरंटीचा कागद नीट वाचला तर पाण्याने झालेलं नुकसान बहुतेक वेळा वगळलेलंच सापडतं.

मी काहीच विकत घेतलं नाही. मोठा कॅमेरा तीन दिवसांसाठी भाड्याने आणला. टणक जातीचा एक लहान कॅमेरा भाच्याकडे होताच. आणि कपाटातून बाबांचा निकॉन एफएम-२ काढला. १९८२ साली बाजारात आलेलं हे यंत्र. याचं शटर निव्वळ स्प्रिंगा आणि दातेरी चाकांवर चालतं. दोन बटणसेल लागतात, पण ते फक्त प्रकाश मोजायला. ते काढून टाकले तरी फोटो निघतो. तिघांची परीक्षा घ्यायची होती. मैदान ठरलेलंच होतं.

पुण्याच्या माणसाला हिमालयाची तयारी करायला भोर-वेल्ह्याशिवाय दुसरं कुठे जायला सुचत नाही. १९९८ साली सुरेंद्र चव्हाण एव्हरेस्टवर पोचले, २०१२ साली गिरिप्रेमी संस्थेची मंडळी पोचली. पुण्याच्या या साऱ्या गिर्यारोहकांचे पाय सह्याद्रीतच तयार झाले. पाय इथे तयार होतात, मग कॅमेऱ्याने काय पाप केलंय? अडचण एकच. इथे उणे वीस कुठून आणणार? पुण्यातली आजवरची सगळ्यात कडाक्याची थंडी १९३५ च्या जानेवारीतली, तीही १.७ अंशांची.

म्हणून पहिली परीक्षा घरीच झाली. फ्रीजरमध्ये उणे अठरा असतं. बॅटऱ्या झिपच्या पिशवीत हवा काढून बंद केल्या आणि मटाराच्या पाकिटाशेजारी ठेवल्या. सासूबाईंनी संध्याकाळी उसळीसाठी मटार काढताना ती पिशवी पाहिली. काही बोलल्या नाहीत. फक्त दुसऱ्या दिवशी फोनवर नणंदेला सांगताना आवाज जरा हळू होता.

दोन तासांनी बॅटरी मोठ्या कॅमेऱ्यात घातली. सकाळी भरलेली होती, आता लाल खूण दाखवत होती. तीच बॅटरी अर्धा तास काखेत धरली आणि पुन्हा घातली, तर तीन चतुर्थांश भरलेली! बॅटरी थंडीने रिकामी होत नाही, तिचं अंग आखडतं. आतल्या रसायनात लिथियमचे कण सावकाश सरकू लागतात, अंतर्गत रोध वाढतो, आणि कॅमेरा एकदम जास्त वीज मागतो तेव्हा ती देऊ शकत नाही. ऊब मिळाली की पुन्हा शुद्धीवर येते. खोक्यावर 'एका चार्जिंगमध्ये इतके फोटो' असं छापतात ती मोजणी २३ अंशांच्या आसपास करतात, म्हणजे पुण्यातल्या सुखाच्या हवेत. एक मात्र पाळायचं: गोठलेली बॅटरी तशीच चार्जिंगला लावायची नाही, त्याने तिचं कायमचं नुकसान होतं.

१९५३ साली एव्हरेस्टच्या माथ्यावर तेनझिंगचा तो जगप्रसिद्ध फोटो हिलरीने काढला, तेव्हा कॅमेरा त्याने शर्टाच्या आत, अंगाच्या उबेला ठेवला होता. त्याआधी १९२४ साली मॅलरी आणि अर्विन कोडॅकचा खिशात मावणारा कॅमेरा घेऊन वर गेले. तो कॅमेरा अजून कुणाला सापडलेला नाही. त्यात फिल्म असेल आणि थंडीने टिकली असेल, या आशेवर माणसं आजही तिथले उतार धुंडाळतात. थंडीचं हे एक बरं असतं. ती यंत्र थांबवते, पण कुजवत नाही.

हे शेवटचं वाक्य तेव्हा मला सुचलं नव्हतं. ते रायरेश्वराने शिकवलं.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात भाचा आणि मी निघालो. कापूरहोळला सातारा रस्ता सोडला. भोर गावाला कॅमेऱ्याचं अप्रूप नाही. राजवाड्यात इतक्या सिनेमांचं शूटिंग झालंय की चौकात चहा पिताना मी गळ्यातले दोन कॅमेरे सावरत होते तरी कुणी मान वर केली नाही. चहावाल्याने भाच्याला एवढंच विचारलं, "सीरियल का पिक्चर?" पुढे आंबवडं, तिथला झुलता पूल, मग कोर्ले. हल्ली गाडी केंजळगड आणि रायरेश्वर यांच्या मधल्या खिंडीपर्यंत चढते. तिथून कातळाला टेकवलेल्या लोखंडी शिड्या. त्या चढलं की अचानक आपण डोंगराच्या डोक्यावरच्या एका गावात असतो. शिवरायांनी १६४५ साली इथे स्वराज्याची शपथ घेतली असं परंपरा सांगते. देवळाची सेवा करणाऱ्या जंगमांची घरं पठारावर पिढ्यान्पिढ्या आहेत. आम्ही त्यातल्याच एका घरी उतरलो.

शिड्यांवरच पहिला निकाल लागला. दोन्ही हात लोखंडाला, त्यामुळे मोठा कॅमेरा सॅकमध्ये गेला तो गेलाच. लहान कॅमेरा मनगटाला लटकत होता, भाच्याने शिडीवरूनच चार फोटो काढले. बाबांचा एफएम-२ माझ्या गळ्यात होता आणि प्रत्येक पायरीला छातीवर आपटून स्वतःच्या वजनाची आठवण देत होता.

रात्री पठारावर वारा सुटला. माझ्या छोट्या थर्मामीटरवर नऊ अंश होते, पण त्या वाऱ्यापुढे नऊ की एकोणीस हा प्रश्न फारसा उरत नव्हता. इथून सरळ रेषेत फार लांब नसलेल्या महाबळेश्वरात वेण्णा तलावाकाठी दव गोठल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात. तिपाई लावून तासभर आकाशाचे फोटो काढले. नऊ अंशांत नव्या बॅटरीला काहीच झालं नाही, जुनी जरा लवकर दमली. बोटं मात्र आधी दमली. लोकरीचे हातमोजे घालून मी तिन्ही कॅमेरे चालवून पाहिले. लहान कॅमेऱ्याची बटणं वाटाण्याएवढी. मोज्यातून एक दाबावं तर दोन दाबली जायची, आणि एकदा तर मी दहा मिनिटं सगळं व्हिडिओत टिपत राहिले. मोठ्यावरची गोल चाकं जमली. एफएम-२ तर जणू हातमोजे घालूनच बनवलेला: खरखरीत चाक, ठसठशीत कडं, ओढायचा खटका. वीज नाही, पडदा नाही, विचारणं नाही.

मग आम्ही तसेच चुलीपाशी जाऊन बसलो आणि एका क्षणात तिन्ही भिंगं आंधळी झाली.

बाहेर नऊ अंश, आत चूल, शिजणारा भात, सहा माणसांचे श्वास. गार काचेवर सगळी वाफ येऊन बसली. पुसावं तर पुन्हा येते. मोठ्या कॅमेऱ्याच्या भिंगावरची पुसली गेली, पण एफएम-२ च्या भिंगात आतल्या बाजूला एक पांढरा डाग राहिला, तो सकाळीही तसाच होता. घरच्या मावशी भाकरी थापता थापता पाहत होत्या. "गार पाण्याचा तांब्या घामेजतो तसंच झालंय की गं हे," म्हणाल्या. भौतिकशास्त्राच्या तासाला मी मुलांना हे बरीच वर्षं शिकवत आले आहे, अगदी तांब्याचंच उदाहरण देऊन.

दुसऱ्यांदा बाहेर जाऊन आले तेव्हा कॅमेरा बाहेरच झिपच्या पिशवीत बंद केला आणि मग आत आणला. घाम पिशवीला आला, कॅमेरा कोरडा. अर्ध्या तासाने, आतल्या हवेइतका तापल्यावर बाहेर काढला. काझ्याच्या घरांत मधोमध बुखारीची शेगडी पेटलेली असते म्हणतात. तिथे हेच करायचं, फक्त आत-बाहेरचा फरक चाळीस अंशांचा.

सकाळी साडेसहाला दार उघडलं तर अंगणापलीकडचं जगच नव्हतं. धुकं. गवताच्या प्रत्येक पात्यावर दवाचा मणी. पाच मिनिटांत पापण्या भिजल्या, केस भिजले, कॅमेऱ्याच्या अंगावर मोत्यांसारखे थेंब उभे राहिले. पाऊस नाही, तरी सगळं ओलं. भाड्याचा मोठा कॅमेरा पोटाशी धरून मी उभी होते, आणि लक्षात आलं की मी त्याला पुन्हा टॉवेलात गुंडाळायच्या बेतात आहे.

भाच्याने आपला लहान कॅमेरा सरळ ओल्या गवतात ठेवला आणि मातीशी गाल टेकून फोटो काढू लागला. रायरेश्वराची माती म्हणजे सात रंगांची, असं इथे अभिमानाने दाखवतात. त्यातले चारेक रंग त्याच्या शर्टावर आणि दोन कॅमेऱ्यावर लागले. नंतर त्याने तो पिंपाच्या नळाखाली धरून धुतला, बटाटा धुवावा तसा. मला हेवा वाटला, खोटं कशाला सांगू?

धुक्यानेच बर्फाचाही धडा दिला. पांढऱ्या शुभ्र धुक्याचा फोटो पडद्यावर राखाडी, मळकट आला. कॅमेऱ्याचा मीटर समोर जे दिसेल ते मध्यम करड्या रंगाचं आहे असं धरून चालतो. पांढरं जास्त दिसलं की प्रकाश कमी करतो. एक घर जास्त प्रकाश दिला तेव्हा धुकं धुक्यासारखं दिसलं. स्पितीच्या बर्फात हेच करावं लागणार. भिंग पुसायला दुकानातलं रेशमी फडकं होतं, ते दोन वेळा पुसून ओलं गच्च झालं आणि मग नुसतं पाणी पसरवायला लागलं. कामाला आला तो आजीच्या जुन्या सुती लुगड्याचा तुकडा.

निघताना मावशींचा फोटो काढला. उंबऱ्यात उभ्या, हाताला पीठ, मागे चुलीचा धूर. त्यांनी पडद्यावर पाहिला आणि म्हणाल्या, "फोटू समदेच काढत्यात. आणून कुणी देत न्हाई."

"मी आणून देते, मावशी."

"समदेच म्हनत्यात."

दुपारी कापूरहोळ, चेलाडी, नसरापूर, मार्गासनी करत वेल्ह्यात पोचलो. तालुक्याचं नाव सरकारदरबारी आता राजगड झालंय. एसटीच्या वाहकाच्या तोंडी वेल्हंच आहे. गाडीचा एसी चालू होता, खिडक्या बंद. उतरल्या उतरल्या समोर तोरणा सोनेरी उन्हात उभा, मी कॅमेरा उचलला, आणि काच पांढरी. उलटी तऱ्हा! आता कॅमेरा गार आणि बाहेरची हवा दमट. पावसाळ्यात इथे आलेल्या निम्म्या लोकांचे पहिल्या दहा मिनिटांचे फोटो याच कारणाने दुधाळ येतात, आणि ते त्याला 'वातावरण' म्हणतात.

पहाटे तोरण्याला लागलो. १४०३ मीटर, पुणे जिल्ह्यातल्या किल्ल्यांत सर्वांत उंच. बिनी दरवाजा, कोठी दरवाजा, मेंगाई देवीचं देऊळ, आणि मग बुधला माचीकडून राजगडच्या दिशेने. ही वाट दिवसभराची आहे आणि तिचं कौतुक पुष्कळांनी केलेलं आहे, मी करत नाही. बुधला माची उतरताना घसारा लागतो, पायाखालचे खडे गोट्यांसारखे निसटतात. तिथे भाचा बसला, म्हणजे घसरून बसला, आणि मनगटातला कॅमेरा सुटून कातळावर दोनदा आपटत खाली कारवीच्या जाळीत गेला. काढून पाहिला तर एक कोपरा खरवडलेला. बटण दाबलं, फोटो निघाला. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मला आठवण झाली की मोठा कॅमेरा माझ्याकडे आहे. सकाळपासून सॅकमध्ये. टॉवेलात.

वेल्हे-भुतोंडे रस्ता ओलांडून अळू दरवाज्याने संजीवनी माचीवर चढलो तेव्हा ऊन कलतं झालं होतं. इथे मात्र मी मोठा कॅमेरा बाहेर काढला. दुहेरी तटबंदीच्या मधली ती अरुंद सावली, पलीकडे बालेकिल्ला, मागे आपण चालून आलेला सगळा दिवस. लहान कॅमेऱ्याचा नखाएवढा सेन्सर अशा उतरत्या उजेडात दाणेदार, पिठूळ चित्र देतो. सावलीतला दगड नुसता काळा होतो. मोठ्याने दगडादगडातला चुना दाखवला. अकरा फोटो काढले. एफएम-२ चा एक.

मग चोर दरवाज्याने घाईघाईने गुंजवण्यात उतरलो, अंधार पडायच्या आत.

घरी आल्यावर हिशेब केला. तीन दिवसांत लहान कॅमेऱ्यावर दोनशे बेचाळीस फोटो, मोठ्यावर त्या आकाशाचे सोडून अकरा आणि चार, बाबांच्यावर नऊ. सगळ्यात देखणे तीन फोटो मोठ्याचेच, यात वाद नाही. भाचा म्हणाला, मग तोच घे. पण मी स्वतःला ओळखते. मी तो काझ्यातही टॉवेलात गुंडाळणार.

मी लहान घेतला. तीन बॅटऱ्या, त्या आतल्या खिशात, अंगाला लागून. हातमोज्यांचं पहिलं बोट टोकाशी कापून घेतलं. सोबत एफएम-२ आणि एकच रोल. वीज गेली, बॅटरी रुसली, तरी छत्तीस फोटो पक्के. मात्र त्याच्या भिंगातला तो पांढरा डाग गेला नव्हता, म्हणून वाड्यातल्या काकांकडे गेले. त्यांनी भिंग दिव्यासमोर धरलं. कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे. बुरशी. हवेत साठ-सत्तर टक्क्यांवर ओल राहिली की ती काचेवरच्या मुलाम्यावर धरते. "हा डाग रायरेश्वरावरचा नाही," काका म्हणाले. "हा तुमच्या कपाटातला आहे. चामड्याच्या पेटीत ठेवला असणार." होता. वीस पावसाळे. त्यांनी भिंग उघडून साफ केलं आणि सोबत सिलिका जेलची पुडी दिली: दाणे निळे आहेत तोवर ठीक, गुलाबी झाले की कढईत मंद भाजून घ्यायचे.

स्पितीला निघायच्या आदल्या रविवारी पुन्हा भोरला गेले. मावशींचा फोटो मोठा करून घेतला होता. कोर्ल्यापर्यंत जायला वेळ नव्हता, म्हणून रायरेश्वराकडे जाणाऱ्या जीपवाल्याकडे द्यायचा आणि त्याच्याच फोनवरून मावशींना तसं कळवायचं असं ठरवलं. फोनवर त्यांनी आधी मला ओळखलं नाही, मग ओळखलं.

"आणलास व्हय!" म्हणाल्या. आणि जरा थांबून, "प्लास्टिक मारलंस का त्याला? न्हाई? मग मारून आण बाई. हितं पावसाळ्यात कागद टिकत न्हाई."

भोरच्या चौकात लॅमिनेशनचं दुकान दुपारी चारला उघडतं. जीपवाल्याला थांबायला सांगून मी पायरीवर बसले.